वाचवलेला कुत्रा शेळ्या, कोंबड्या, मांजरांच्या घरात रुळेल का? घरी आणण्याआधी हे कसं ओळखायचं?

भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आदेश दिला. त्यातल्या नसबंदी, लसीकरण आणि खाऊ घालण्याच्या ठरावीक जागा या मुद्द्यांवर देशभर चर्चा झाली. त्याच आदेशात आणखी एक सूचना होती. ज्या प्राणीप्रेमींना भटका कुत्रा दत्तक घ्यायचा आहे, त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा. मात्र दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी अर्जदाराची राहील.

म्हणजे घरी नेणं सोपं झालं, पण 'नाही जमलं, सोडून दिला' ही वाट बंद झाली.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ही जबाबदारी जरा जास्तच जड आहे. इथे कुत्रा ज्या घरात येतो, तिथे अनेकदा आधीपासून कुणीतरी असतं. परड्यात चार शेळ्या असतात, खुराड्यात कोंबड्या असतात, गोठ्यात म्हैस असते, माळ्यावर मांजर असतं, दारात पहिला कुत्रा असतो. नवा पाहुणा त्यांच्याशी जमवून घेईल का, हे आधी कळू शकतं का? थोडंफार कळू शकतं. पण ते ज्या पद्धतीने ओळखायचा प्रयत्न बहुतेक जण करतात, त्या पद्धतीने नाही.

आदेशांमुळे नेमकं काय बदललं?

११ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं होतं. ११ दिवसांनी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी परत सोडावेत, रेबीज झालेले, तसा संशय असलेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र सोडू नयेत, असं सांगण्यात आलं. प्रकरणाची व्याप्तीही दिल्लीपुरती न राहता सगळ्या राज्यांपर्यंत वाढवण्यात आली.

त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, एसटी स्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातले कुत्रे हटवावेत आणि त्यांना पुन्हा तिथेच सोडू नये, असं न्यायालयाने सांगितलं.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे होते, त्यातले सुमारे १२ लाख ७६ हजार महाराष्ट्रात. आवारातून उचललेल्या कुत्र्यांना मूळ जागा उरत नसेल, तर त्यांच्यापुढे दोनच पर्याय राहतात, निवारा किंवा घर. म्हणूनच 'कोणता कुत्रा कोणत्या घरात' हा प्रश्न आता फक्त हौशी प्राणीप्रेमींचा राहिलेला नाही.

सातारा-सांगलीत हा प्रश्न वेगळा का आहे?

इंटरनेटवर या विषयावर मिळणारा बराचसा सल्ला शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेला असतो. एक कुत्रा, एक मांजर आणि मधे बंद होणारं दार. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत चित्र वेगळं आहे. इथे शेळ्या-मेंढ्या हे अनेक कुटुंबांचं अडीअडचणीला मोडायचं धन आहे. जत तालुक्यातली माडग्याळी मेंढी तर तिच्या गावाच्या नावानेच ओळखली जाते. शेळी दगावली की घरातलं पाळीव जनावर जातं आणि त्याबरोबर हातचा पैसाही जातो.

दुसरा धोका कुत्र्याला असतो. शेजाऱ्याच्या करडाला चावलेला कुत्रा गावात फार दिवस सुखाने राहत नाही. त्याला मारहाण होते, विष घातलं जातं किंवा पोत्यात घालून लांबच्या फाट्यावर सोडलं जातं. प्राण्याला ठार मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. उपाशी-तहानेल्या अवस्थेत हाल होतील अशा रीतीने प्राण्याला सोडून देणं हाही १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. पण त्यासाठी पहिल्या वेळचा दंड आजही १० ते ५० रुपये इतकाच आहे. त्यामुळे कायद्याच्या धाकापेक्षा घरी आणण्याआधीचा विचारच कुत्र्याला जास्त वाचवतो.

'गरीब आहे हो कुत्रा' म्हणजे नेमकं काय?

वाचवलेल्या कुत्र्याबद्दल सगळ्यात आधी हेच वाक्य ऐकायला मिळतं. ते खोटं नसतं, पण अपुरं असतं. कारण या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कुत्रा माणसांशी कसा वागतो, दुसऱ्या कुत्र्यांशी कसा वागतो आणि पळणारा लहान प्राणी दिसला की काय करतो.

या तिन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. लहान मुलांच्या अंगावर लोळणारा कुत्रा कोंबडी फडफडली की तिची मान धरू शकतो. याउलट गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकणारा एखादा कुत्रा शेळ्यांच्या कळपातून मान खाली घालून निघून जातो.

पाठलाग म्हणजे राग नव्हे. अमेरिकी अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीच्या वर्तनाची एक साखळी मांडली होती. हेरणं, टक लावणं, दबकत जाणं, पाठलाग करणं, पकडणं आणि मारणं. वेगवेगळ्या कुत्र्यांमध्ये या साखळीतल्या वेगवेगळ्या कड्या पक्क्या असतात. काही जण फक्त पाठलागापर्यंत जातात, काही शेवटपर्यंत. त्या क्षणी कुत्रा चिडलेला नसतो, म्हणून तो गुरगुरतही नाही. 'काही इशाराच दिला नाही' असं लोक नंतर म्हणतात, त्यामागचं कारण हेच.

मग धनगरांची कुत्री मेंढरांत कशी राहतात? कारण ती पिल्लू असल्यापासून कळपातच वाढतात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून १२ ते १४ आठवड्यांपर्यंतच्या वयात पिल्लाला जे प्राणी रोज दिसतात, ते त्याला आपले वाटू लागतात. चार वर्षांच्या रस्त्यावरच्या कुत्र्याला शेळ्यांशेजारी बांधून ठेवल्याने तो राखण करणारा होत नाही. फार तर तो त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. घरासाठी तेवढंही पुरेसं असतं.

निवाऱ्यातल्या चाचणीवर किती विसंबायचं?

अनेक देशांतल्या निवाऱ्यांमध्ये कुत्र्याची ठरावीक चाचणी घेतली जाते. खाताना त्याच्या ताटलीला हात लावतात, अनोळखी कुत्रा समोर आणतात, बाहुली दाखवतात. गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा चाचण्यांची आकडेवारीच्या अंगाने तपासणी केली. चाचणीत 'धोकादायक' ठरलेला कुत्रा घरातही तसा वागेल का, याचं उत्तर देण्यात या चाचण्या नाणं उडवण्यापेक्षा फारशा सरस नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कारण समजायला अवघड नाही. निवाऱ्यात गोंगाट असतो, अनोळखी वास असतात, झोप पुरत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निवाऱ्यातल्या कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी एखाद्या घरी नेण्यात आलं. तेवढ्यानेही त्यांच्या शरीरातलं ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी झालं आणि निवाऱ्यात परतल्यावर पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेलं. म्हणजे पिंजऱ्यात दिसतो तो ताणाखालचा कुत्रा असतो.

याचा उलटा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. कोपऱ्यात गप्प बसलेला, कुणाकडेच न बघणारा कुत्रा शांत असेलच असं नाही. तो घाबरून आक्रसलेला असू शकतो. अपघातातून वाचवलेला कुत्रा दुखण्यामुळे हलत नाही. पाय बरा झाला, पोट भरलं की मग त्याचा खरा स्वभाव दिसू लागतो.

त्यामुळे एका भेटीतल्या चाचणीपेक्षा दोन गोष्टी जास्त कामाच्या ठरतात. एक, कुत्र्याचा पूर्वेतिहास. दोन, घरातले पहिले काही आठवडे.

आधी कोणते प्रश्न विचारायचे?

कुत्रा ज्यांनी वाचवला, ज्यांनी त्याला खाऊ घातलं किंवा ज्यांनी उपचार केले, त्यांना 'स्वभाव कसा आहे?' असं विचारण्यापेक्षा 'तुम्ही काय पाहिलंत?' असं विचारावं.

- कुत्रा कुठे सापडला? गावातल्या चावडीवर वाढलेल्या कुत्र्याने शेळ्या, कोंबड्या, बैल रोज पाहिलेले असतात. शहरातल्या बसस्थानकावर वाढलेल्याने कोंबडी जवळून पाहिलेली नसेल.
- मांजर किंवा कोंबडी समोरून गेली तेव्हा त्याने काय केलं? 'माहीत नाही' हे उत्तरही महत्त्वाचं आहे, कारण ते 'काही करत नाही' असं नाही.
- खाताना दुसरा कुत्रा जवळ आला तर काय होतं?
- वय किती? जखम, आजार, औषधं सुरू आहेत का?
- नसबंदी झाली आहे का? नसबंदीमुळे भटकणं आणि माजाच्या काळातली भांडणं कमी होतात. शिकारीची ओढ मात्र त्याने जात नाही.

या भागात आणखी एक प्रश्न विचारायला हवा. कुत्र्यात कारवान किंवा मुधोळचं रक्त आहे का? लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर आणि निमुळतं तोंड असलेली ही कुत्री सांगली, कोल्हापूर आणि शेजारच्या कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या सशामागे धावण्यासाठी पाळली गेली. सशाची शिकार आता बेकायदेशीर आहे, पण नजरेने हेरून झेपावण्याची सवय रक्तात उरली आहे. असा प्रत्येक कुत्रा मांजर मारतोच असं नाही. मात्र कोंबड्या मोकळ्या फिरणाऱ्या घराने त्याला आणण्याआधी दोनदा विचार करावा.

कोणत्या प्राण्यासोबत काय पाहायचं?

मांजर: मांजर पळालं की पाठलाग सुरू होतो, म्हणून पळण्याची गरजच पडू नये अशी सोय हवी. माळा, फळी, कपाटाचा वरचा भाग अशी कुत्र्याला न पोचणारी जागा मांजराला आधीपासून ठरवून द्यावी. मांजराने खाणं सोडलं किंवा ते घराबाहेरच राहू लागलं, तर कुत्रा 'काही करत नसला' तरी जमलेलं नाही.

शेळ्या-मेंढ्या: मोठी शेळी शिंग उगारून उभी राहते, करडू मात्र पळतं. खरी परीक्षा करडांची. कुत्र्याचं पिल्लूही खेळता खेळता करडामागे धावतं. तेव्हा ते गोड दिसतं, पण आठ महिन्यांनी तोच खेळ जिवावर येतो. म्हणून पहिल्याच दिवसापासून थांबवलेलं बरं.

कोंबड्या: सगळ्यात अवघड जोडी हीच. फडफड आणि आवाज दोन्ही कुत्र्याला चेतवतात आणि एका झडपेत सगळं संपतं. इथे सवयीपेक्षा जाळीवर भरवसा ठेवावा.

गाय-म्हैस: इथे धोका अनेकदा कुत्र्यालाच असतो. वासरू जवळ असलेली गाय कुत्र्याला शिंगावर घेते, म्हैस लाथ मारते. जनावर व्यायल्यावर पडणाऱ्या वारेच्या वासाने कुत्रा गोठ्यात घुसतो. त्या दोन-तीन दिवसांत त्याला बांधून ठेवावं आणि वार खोल पुरावी.

घरातला पहिला कुत्रा: दोघांची पहिली भेट घराच्या दारात कधीही घडवू नये. तो पहिल्याचा मुलूख असतो. तटस्थ रस्त्यावर, दोन माणसांनी दोन साखळ्या धरून, अंतर ठेवून समांतर चालवावं. साधारणपणे नर-मादी जोडी लवकर जमते. ताटल्या शेवटपर्यंत वेगळ्याच असाव्यात.

पहिली भेट कशी घडवायची?

समजा, कोरेगावजवळच्या एका घरात दोन शेळ्या आहेत आणि तीन वर्षांची एक कुत्री यायची आहे. शेळ्या कुंपणाच्या आत, कुत्री साखळीला बांधून बाहेर. सुरुवातीचं अंतर किमान २०-२५ फूट. हाताशी तिला आवडणारा खाऊ, उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा दुधात भिजवलेली भाकरी.

चांगली लक्षणं अशी. ती शेळ्यांकडे बघते आणि नजर वळवते. जमीन हुंगते. अंग सैल असतं. हाक मारली की मागे बघते, खाऊ घेते.

काळजीची लक्षणं अशी. नजर खिळून राहते. तोंड मिटलेलं, शेपूट ताठ, अंग पुढे झुकलेलं. ती थरथरते, बारीक कण्हते. नाव घेतलं तरी ऐकत नाही आणि एरवी आवडीचा असलेला खाऊ तोंडाशी नेला तरी घेत नाही. अशा वेळी ओरडू नये, मारू नये. शेळी दिसली की मार बसतो असं तिच्या मनात बसलं, तर शेळीविषयीचा तणाव आणखी वाढतो. मागे फिरून अंतर वाढवायचं, बस्स.

भेट पाच-दहा मिनिटांची, दिवसातून दोनदा. अंतर रोज थोडं कमी करायचं, एक दिवस बिघडला तर परत वाढवायचं. जवळ नेताना तोंडाला जाळीचं मुसकं घालणं ही क्रूरता नाही. मात्र त्यातून तिला धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे.

रोगांचं काय?

स्वभाव जमला तरी आरोग्याची चाळणी उरतेच. नवा कुत्रा किमान दोन आठवडे घरातल्या कुत्र्या-मांजरांपासून वेगळा ठेवावा. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे आजार आहेत आणि बाहेरून धडधाकट दिसणारा कुत्राही ते घेऊन येऊ शकतो. खरूज आणि गोचिडांवर उपचार आधीच करून घ्यावेत.

रेबीजची लस अनिवार्य समजावी, कारण हा रोग माणसांप्रमाणेच गाई-म्हशी आणि शेळ्यांनाही होतो. त्याची लक्षणं दिसायला अनेक आठवडे, कधी महिनेही लागतात. त्यामुळे दोन आठवडे ठीक गेले म्हणून लस टाळता येत नाही. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावं. जनावराला चावल्यास पशुवैद्यकांना तातडीने दाखवावं.

शेळ्या-मेंढ्यांच्या घरासाठी आणखी एक सूचना आहे. कापलेल्या जनावराची कच्ची आतडी, फुप्फुसं, काळीज कुत्र्याला घालू नये. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर येतात आणि मेंढ्यांना, माणसांनाही काळजात-फुप्फुसात गाठी होतात. ठरलेल्या वेळी जंतनाशक देणं हा त्यावरचा उपाय आहे.

मदतीसाठी जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सांगलीतून २००३ पासून काम करणारी 'ॲनिमल राहत' ही संस्था साखर कारखान्यांच्या बैलांपासून ते विहिरीत पडलेल्या कुत्र्यांपर्यंत अनेक प्राण्यांवर काम करते.

किती दिवसांत कळतं? आणि 'नाही' कधी म्हणायचं?

प्राण्यांसोबत काम करणाऱ्यांमध्ये 'तीन-तीन-तीन' असा एक ठोकताळा आहे. तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे, तीन महिने रुळण्याचे. हा शास्त्रीय नियम नाही, पण त्यातला मुद्दा बरोबर आहे. पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत चाललं म्हणून साखळी सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई असते.

म्हणून 'दत्तक' या शब्दाआधी 'सांभाळायला' हा टप्पा असावा. महिनाभर कुत्रा घरी राहील, नाही जमलं तर वाचवणारी व्यक्ती किंवा संस्था तो परत घेईल, हे आधीच लेखी ठरवून घ्यावं. ठरल्याप्रमाणे परत करणं आणि रस्त्यावर सोडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परत आलेल्या कुत्र्याबद्दल 'कोंबड्या असलेलं घर नको, पण मुलं असलेलं चालेल' एवढी पक्की माहिती हाती येते. ती पुढच्या घराच्या कामाची असते.

काही घरांनी सुरुवातीलाच 'नाही' म्हणावं. जिथे शेळ्या-कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात आणि कुंपण घालणं परवडणारं नाही. जिथे दिवसभर सगळे रानात जातात आणि घरी लक्ष ठेवायला कुणी नसतं. जिथे कुत्र्याने आधीच एखादा प्राणी मारल्याची नोंद आहे.

कुत्रा प्राण्यांशी जमवून घेतो का, या प्रश्नाचं उत्तर एकट्या कुत्र्यात सापडत नाही. कुंपण किती उंच आहे, खुराड्याला कडी आहे का, साखळी धरायला आणि लक्ष ठेवायला दिवसातून तासभर कुणाकडे आहे, यावरही ते ठरतं. पालिकेच्या अर्जावर सही करण्याआधी कुत्र्याची परीक्षा घ्यायला हरकत नाही. त्याआधी एकदा आपल्या परड्याची घ्यावी.